हात कुणाचा, हुकूम कुणाचा

जग खरं की खोटं हा प्रश्न पोट भरलेल्यांना पडतो, असं आपल्यातले जुने कार्यकर्ते सांगतात. आधी भाकरी, मग आत्मा-परमात्मा. मला हे पटत नाही. या देशात ज्यांनी आपल्या भाकरीवर पाय ठेवला, त्यांनी त्याच्याही आधी हा प्रश्न आपल्या हातातून काढून घेतला होता. दोन हजार वर्षं तो त्यांनी एकट्यांनी सोडवला आणि उत्तर आपल्या पाठीवर लिहिलं. तेव्हा प्रश्न आपलाही आहे. मला तो ग्रंथात भेटला नाही, सिनेमात भेटला, एवढंच.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला, बौद्धवाडीतला. कामाला घाटावर, एका सूतगिरणीत, रिंगफ्रेम खात्यात. दुसरी पाळी सुटली की झोप लगेच लागत नाही, कानात चात्या फिरत असतात. मग पाचसहा जण एका मोबाइलभोवती बसतो आणि हिंदीत डब केलेले इंग्रजी सिनेमे बघतो. यंत्रमानव, परग्रह, उद्याचं जग. पोरांना मारामारी पायजे असते. मी मारामारी संपायची वाट बघतो, कारण त्या धुमश्चक्रीत मधेच एखादा इसम थांबतो आणि विचारतो: हे दिसतंय ते आहे का? आणि मी करतोय ते मीच करतोय, की माझ्याकडून कुणी करवून घेतंय?

'द मेट्रिक्स' बहुतेकांनी बघितलाय. 1999 सालचा, वाचोव्स्की भावंडांचा. यंत्रांनी माणसं जिंकलीत, त्यांना कोशात झोपवून ठेवलंय, त्यांच्या अंगातली ऊर्जा यंत्रं ओढून घेतात. आणि माणसाने ओरडू नये म्हणून त्याच्या डोक्यात एक खोटं जग सोडलंय, त्यात तो ऑफिसला जातो, जेवतो, भाडं भरतो. शिकल्यासवरल्या लोकांना हे बघून म्हणे हादरा बसला. आपण राहतो ते जग कुणीतरी रचलेलं असेल, ही कल्पनाच त्यांना नवी.

आमच्यातला एक जण तंबाखू मळत म्हणाला, "ह्यात नवीन काय दाखवलंय?"

बरोबर बोलला. आपलं जग रचलेलं आहे हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं. रचणाऱ्याच्या पुस्तकाचं नाव ठाऊक होतं. ते पुस्तक 25 डिसेंबर 1927 ला महाडात जाळलं.

पण इथे एक गफलत होते, तिच्याकडे नीट बघायला हवं. खोटं जग म्हटलं की आपल्याकडचा वेदान्ती लगेच खूश होतो. म्हणतो, आम्ही हेच सांगत होतो, सगळी माया. त्याला शंकराचार्यांची आख्यायिका आठवून द्यावी. काशीच्या वाटेवर समोरून चांडाळ आला. जग मिथ्या आहे असं शिकवणारे आचार्य त्याला म्हणाले, बाजूला हो. चांडाळाने उलट विचारलं, बाजूला कुणी व्हायचं? या देहाने की आतल्या आत्म्याने? देह म्हणाल तर तुमचाही अन्नाचाच, आत्मा म्हणाल तर तो एकच. आचार्य निरुत्तर झाले, नमस्कार केला. पुढे आख्यायिका सांगते की तो चांडाळ म्हणजे साक्षात शंकर होता. घ्या! प्रश्न बिनतोड निघाला म्हटल्यावर विचारणाराच चांडाळ उरला नाही. त्याला देव करून टाकला. खरा चांडाळ तसाच वाटेच्या कडेला उभा.

म्हणून मला मायेचा पक्ष चालत नाही. चवदार तळ्याचं बघा. 1923 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 1924 साली महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं. कागद तयार. तळ्याला भिंत नव्हती, कुलूप नव्हतं. पाणी होतं आणि माणसाचा हात होता आणि मधे काहीच नव्हतं. तरी 20 मार्च 1927 पर्यंत हात पाण्यात गेला नाही. त्या मधल्या 'काहीच नाही'ला काय म्हणायचं? माया म्हणा, भ्रम म्हणा, मेट्रिक्स म्हणा. आता पुढचं बघा. बाबासाहेबांनी ओंजळ भरली, मागोमाग लोकांनी भरली, आणि थोड्याच वेळात आपल्या माणसांची डोकी फुटली. मग शेण-गोमूत्राने तळं शुद्ध करून घेतलं. म्हणजे भिंत खोटी होती आणि लाठी खरी होती. हे वेदान्त्याला सांगता येत नाही आणि मेट्रिक्सवाल्यालाही नीट सांगता आलेलं नाही. त्यांच्या सिनेमात नायकाला जग खोटं असल्याचं एकदा उमगलं की तो गोळ्या हवेत थांबवतो. आपल्याला उमगून शंभर वर्षं होत आली. गोळ्या थांबल्या नाहीत.

त्याच 1927 साली, 10 जानेवारीला, बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' लागला. मूकपट आहे. विज्ञानाच्या सिनेमाचा तो आजा. मी तो चार रात्री तोडून तोडून बघितला, बाकीचे झोपी गेले. पण गिरणीत काम केलेल्या माणसाने तो बघावाच. वर उंच इमारती, बागा, मालकांची पोरं. खाली जमिनीच्या पोटात कामगारांची वस्ती. पाळी बदलते तेव्हा दोन रांगा, एक आत येते, एक बाहेर जाते, माना खाली, पावलं एका ठोक्यात. कामगाराला नाव नाही, आकडा आहे. एकाचा आकडा 11811. तो घड्याळासारख्या एका यंत्राला जुंपलाय, काटे जिकडे दिव्याकडे सरकवायचे तिकडे सरकवत राहायचं, दहा तास. मालकाचा पोरगा खाली येतो, त्याच्या जागी उभा राहतो आणि दहा तासांत त्याचा जीव जातो की काय असं होतं. माझ्या आज्याने मुंबईत अठरा वर्षं साचे चालवले. त्याच्यावर कुणी सिनेमा काढला नाही, कारण त्याला दहा तासांनी कुणी सोडवायला आलं नाही.

इथवर सिनेमा माझा. पुढे तो हातातून जातो. त्यात सांगितलंय की शहर बांधणारं डोकं आणि राबणारे हात यांच्यात काळीज मध्यस्थ पायजे. शेवटी मालक आणि मुकादम देवळाच्या दारात हात मिळवतात, मालकाचा पोरगा मधे. डोकं, हात, काळीज! आपल्याला ही शरीररचना ओळखीची आहे. तोंड, बाहू, मांड्या, पाय. जर्मनीत पाय विसरले आणि इकडे आपल्याला पायातही जागा दिली नाही, पण हिशोब तोच: समाज हे एक शरीर आहे, आणि हाताने 'मी डोकं का नाही' असं विचारायचं नाही. हाताला समजूत घालणारं काळीज तेवढं द्यायचं. आपल्याकडेही अशी काळजं कमी झाली नाहीत. हरिजन म्हणून कुरवाळणारी.

आणि दुसरी गोष्ट तर मुद्द्याचीच. त्या सिनेमात कामगार उठतात ते स्वतःच्या मनाने नाही. एक यंत्रबाई बनवली जाते, ती त्यांना चिथवते, मग ते यंत्र फोडतात आणि आपल्याच पोरांची वस्ती पाण्यात बुडवतात. म्हणजे खाली मान घालून चालतात तेव्हाही यंत्र, आणि मान वर करतात तेव्हाही यंत्राच्याच नादाने. स्वतःची इच्छा नावाची वस्तू कामगाराला लांगने दिलीच नाही. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या अडीच लाखांवर गिरणी कामगारांनी संप सुरू केला तेव्हाही हेच बोललं गेलं: भोळे कामगार, डॉक्टर सामंतांनी नादी लावले. आजा त्या संपात होता. संप संपला असं कुणी जाहीर केलंच नाही, गिरण्या तेवढ्या संपल्या. आजा कोकणात परत आला, लोकांच्या कलमांच्या बागांत मजुरी केली. त्याला मी एकदा विचारलं, खरंच नादी लागला होतात काय? तो भडकला. "मना काय अक्कल नव्हती? मी स्वतः हात वर केलान."

बरोबर की चूक, ते मागाहून ठरवा. पण तो हात त्याचा होता. त्याच्या आयुष्यात तेवढाच एक हुकूम त्याने स्वतःच्या हाताला दिला असेल, तोही लोक त्याच्याकडून काढून घेतात. संप फसला याचं दुःख एक, आणि संप तू केलाच नव्हतास असं सांगितलं जातं याचं दुःख दुसरं. दुसरं मोठं.

'रोबो' हा शब्द कुठून आला ते कळलं तेव्हा मी पाळीवर असून हसलो. कारेल चापेक या चेक लेखकाने 1920 साली एक नाटक लिहिलं, त्यातून. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. जमीनदाराकडे फुकट राबणं. अहो, म्हणजे आपलाच शब्द! कोकणात खोताकडे आणि गावात वतनाच्या नावाखाली जे चाललं होतं ते. पोराने जन्माला येताना काय करायचं ते आधीच भरलेलं: मेलेलं ढोर ओढ, सांगावा ने, पाटलाच्या दारात उभा राहा. बाबासाहेबांनी खोती मोडायचं बिल 17 सप्टेंबर 1937 ला असेंब्लीत आणलं. कनिष्ठ वतनं कायद्याने गेली 1958 साली. जगाला यंत्रमानवाचा धाक पडला तो विसाव्या शतकात, आपल्या गावांनी तो आधीच करून वापरून ठेवला होता, तेलपाण्याचा खर्चही न करता.

शंकरच्या 'रोबोट'मधला (तमिळात 'एंदिरन', 2010) चिट्टी आठवा. सिनेमा रजनीकांतचा, म्हणजे नाचगाणी आलीच. पण शेवटी कोर्टाच्या हुकमाने तो स्वतःच स्वतःचे सांधे खोलून ठेवतो. पुढे 2030 साली संग्रहालयात एक पोरगी त्याला विचारते, तुला मोडलं का? उत्तर असं की तो विचार करायला लागला होता. हे वाक्य थेटरात टाळ्या घेऊन गेलं. आपल्याकडे त्याच गुन्ह्यासाठी शंबूकाचं डोकं गेलं, त्याला कुणी संग्रहालयात ठेवलं नाही.

आता खरा अवघड भाग. समजा व्यवस्था नाही, खोत नाही. तरी माणूस मोकळा आहे का? 1983 साली बेंजामिन लिबेट या अमेरिकन शास्त्रज्ञाचा प्रयोग छापून आला. माणसाला सांगितलं, वाटेल तेव्हा मनगट हलव, आणि 'हलवावं' असं कधी वाटलं ते ध्यानात ठेव. मेंदूत हालचाल सुरू झाली होती ती त्या वाटण्याच्याही सेकंदाचा साधारण एक तृतीयांश आधी. म्हणजे हात निघाला आणि 'मी' मागून आला. यावरून काही लोक म्हणतात, इच्छास्वातंत्र्य वगैरे सगळा भास.

ही गोष्ट जुनी आहे. बुद्धाच्या काळात मक्खली गोसाल होता, सगळं नियतीने ठरलेलं म्हणणारा. दीघनिकायातल्या सामञ्ञफल सुत्तात त्याचं मत येतं: सुताचा गुंडा फेकला की तो उलगडत उलगडत सूत संपेपर्यंत जातो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही आपापले फेरे संपवूनच सुटतात. प्रयत्न नाही, पराक्रम नाही. बुद्धाने बाकीच्यांची मतं खोडली, पण याचं मत सगळ्यांत वाईट मानलं. विणलेल्या वस्त्रांत केसांचं कांबळं जसं सगळ्यांत वाईट, थंडीत गार आणि उन्हात गरम, तसं हे मत, असं म्हटलंय.

मला दोघांचेही दाखले सुताचे मिळाले, म्हणून मी आपला अनुभव सांगतो. मक्खली गोसालाने सूत कातलेलं नसावं. सूत तुटतं. मिनिटाला पंधरा हजारांच्या पुढे फेरे घेणाऱ्या चातीवर धागा सारखा तुटतो, आणि तो आपोआप जुळत नाही. तिथे माणूस फिरत असतो. बॉबीनवरचं टोक शोधायचं, वर न्यायचं, रुळातून येणाऱ्या पेळूला टेकवायचं. गुंडा उलगडत गेला असं लांबून दिसतं, पण त्याच्यात किती ठिकाणी कुणाचा हात लागलाय ते मोजायला जवळ यावं लागतं.

आणि लिबेटचं म्हणाल, तर धागा जोडताना माझाही हात आधी जातो. 'जोडतो' असं मी मनात म्हणत बसलो तर फ्रेमवरचे दहा धागे तुटतील. पण पहिल्या महिन्यात तो हात जात नव्हता. बोटं चिरली, जॉबरने आई-बहीण काढली, तेव्हा कुठे शिकला. त्या हाताला मी शिकवलं. स्वातंत्र्य त्या एक तृतीयांश सेकंदात शोधायचं कशाला? ते त्या महिन्यात आहे. महाडला ओंजळ भरायला क्षण लागला असेल. तो हात तयार व्हायला किती सभा, किती पायपीट, किती बायकांच्या शिव्या-विनवण्या लागल्या असतील. लिबेटच्या तारा त्या कुठे जोडणार?

पण शिकायला जागा मिळावी लागते, हेही खरं. मी रिंगफ्रेमवर का आणि मॅनेजरचा पोरगा पुण्यात का, हे माझ्या हाताने ठरवलेलं नाही. इथे मग ज्योतिषी येतो आणि सांगतो, ग्रह. जयंत नारळीकरांचे (ते 2025 च्या मे महिन्यात गेले) आपल्यावर उपकार आहेत. 2008 साली त्यांनी आणि दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने पुण्यात कुंडल्यांची चाचणी घेतली. हुशार पोरांच्या शंभर आणि मतिमंद पोरांच्या शंभर कुंडल्या जमवल्या, ज्योतिष्यांना सांगितलं, ओळखा. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर निघाली 46 टक्के. नाणं फेकलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच नारळीकरांशी मात्र माझं एक भांडण आहे. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. तिच्यावर सिनेमा झाला नाही, व्हायला हवा होता. इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातात दुसऱ्याच जगात जाऊन पडतात. तिथे विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निसटते, आणि 1761 साली मराठे पानिपत जिंकतात. इंग्रज मुंबईपुरते उरतात. पेशवे विज्ञानाची केंद्रं काढतात, पुढे लोकशाहीही येते. जग एकच नाही, अणूच्या पातळीवर काहीच पक्कं ठरलेलं नसतं, असा शास्त्राचा आधार लेखक देतो. कथा झकास आहे, मी दोनदा वाचली. पण दोन्ही वेळा मी त्या दुसऱ्या पुण्यात आपला माणूस शोधत होतो. गळ्यातलं मडकं गेलं का? कुठल्या साली गेलं? पंत ग्रंथालयात बसून एवढे खंड चाळतात, हे एक त्यांना बघायचं सुचत नाही. त्या जगात 1 जानेवारी 1818 चं कोरेगाव नाही. पलटणीच्या शाळेत मास्तर झालेला सुभेदार रामजी नाही, म्हणजे 14 एप्रिल 1891 पण नाही. मी इंग्रजाची आरती करत नाही, त्याने आपल्याला वापरूनच घेतलं. पण एक गोळी चुकली असती तर बरं झालं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती कुणासाठी बरं, एवढं तरी विचारावं. शक्यतांची अनंत जगं असतील म्हणे. त्यातल्या कुठल्या जगाला 'चांगलं' म्हणायचं हे ठरवणारे मात्र या एकाच जगातले, आणि त्यातही एकाच पेठेतले.

आरती कडव यांचा 'कार्गो' (2019) त्यापेक्षा मला जास्त लागला. आपल्याकडच्या गोष्टी घेऊन अंतराळात गेलेला सिनेमा. 'पुष्पक' नावाचं यान, त्यावर प्रहस्त नावाचा राक्षस नोकरीला. पृथ्वीवर मेलेली माणसं तिथे येतात, त्यांच्या वस्तू काढून घेतात, जखमा बुजवतात, आठवण पुसतात आणि पुन्हा जन्माला धाडून देतात. राक्षस तिथे पाळी करतो, हजेरी देतो, एकटा पडतो. राबणारा तो राक्षस, हे त्या बाईंनी बरोबर ओळखलं. पण मी त्या आठवण पुसायच्या खुर्चीवर अडकलो. आठवण पुसली तर पुढच्या जन्मी जो भोगतो तो कोण? कोर्टात आरोपीला आधी आरोप वाचून दाखवतात. आपल्याला सांगितलं की मागल्या जन्मीचं पाप आहे, भोगा. आरोपपत्र कुठाय? आठवत नाही. साक्षीदार? पुसले. शिक्षा तेवढी चालू. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी या पूर्वकर्माच्या सिद्धान्ताचा डाव उघडा केला की याने गरिबाच्या हालाची जबाबदारी समाज आणि राज्य दोघांच्याही अंगावरून झटकली जाते. मला त्या खुर्चीसमोर ते पान आठवलं.

आता मेट्रिक्सकडे परत यायला हवं, कारण त्यातला एक माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. सायफर. तो जागा झालेला आहे. खरं जग त्याने बघितलंय: अंधार, चिंध्या, लापशीसारखं जेवण. तो कंटाळतो आणि यंत्रांशी सौदा करतो. मला परत झोपवा, चांगला श्रीमंत माणूस करा, आणि यातलं काही आठवू देऊ नका. सिनेमा त्याला गद्दार ठरवून मोकळा होतो, कारण तो सोबत्यांना मारतो. पण मारलं नसतं तर? नुसताच परत झोपला असता तर?

माझा एक पाळीवाला सोबती आहे, घाटावरचा. आडनाव असं, की मराठ्यांतही असतं आणि आपल्यातही. बायको-पोरीला घेऊन त्याने गावात खोली बघितली. मालकाने विचारलं, "म्हणजे आमच्यातलेच की तुम्ही?" तो नुसता हसला. तेवढंच. खोली मिळाली. त्याआधी चार ठिकाणी मिळाली नव्हती. बाबासाहेबांचा फोटो पेटीत, साड्यांच्या खाली. 14 एप्रिलला 'गावची जत्रा' म्हणून सगळे गावी. बाबुराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963 साली छापली, आणि आम्ही ती अजून चालवतोय.

सिनेमा बघताना तो म्हणाला, "सायफरचं काय चुकलं?"

कुणी बोललं नाही. मी त्याला गद्दार म्हणणार नाही. तो कुणाचा जीव घेत नाही. खोटं जग त्याने रचलं नाही, त्यात भाड्याने जागा घेतलीय. चोर म्हणायचा तर आधी ज्याने विचारलं त्याला म्हणा. इथवर मी त्याच्या बाजूचा. पण त्याला एक पोरगी आहे, पाच वर्षांची. तिला शिकवलंय की 'जय भीम' घरात म्हणायचं, दार उघडं असलं की नाही. ती का विचारत नाही. सायफरने निदान गोळी स्वतः गिळली होती, जाग स्वतः घेतली होती, मग नीज मागितली. पोरीला तर कुणी दोन गोळ्या पुढे धरल्याच नाहीत. ती मालकाच्या नातवंडांबरोबर अंगणात खेळते आणि ते अंगण तिला आपलं वाटतं. त्याच सिनेमात मॉर्फियस सांगतो की ठरावीक वय उलटलं की आम्ही माणसाला जागं करत नाही, मन ते सोसत नाही. किती वय, ते सांगत नाही.

जूनमध्ये ती पहिलीत जाईल. शाळेच्या रजिस्टरात जात लिहून घेतात, सवलत हवी तर दाखला लावावा लागतो. मालकाचा नातू त्याच वर्गात असणार. मी सोबत्याला म्हटलं, शाळेने सांगण्याआधी तू सांग. फोटो पेटीतून काढून तिच्या हातात दे, खोली गेली तर गेली, आपण चार जण मिळून दुसरी बघू.

तो बॉबीन काढत होता. वर न बघता म्हणाला, "तू सडाफटिंग. तुझं काय जातंय बोलायला?" मग थोड्या वेळाने, फ्रेमच्या दुसऱ्या बाजूला गेल्यावर, यंत्राच्या आवाजात ओरडून विचारलं, "कसं सांगायचं असतं रं ते? पाच वर्साच्या पोरीला?"